पेन्सिलीने भरलेले अर्ज

बाईंबद्दल लिहायला मला सांगितलं याचं कारण एवढंच, की त्यांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये फक्त प्लायवूडची एक फळी होती. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी बाईंच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक काढायचं ठरवलं, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवता दाखवता सगळी बोटं माझ्याकडे वळली. "ॲसिडकाका, तुम्ही सहा वर्षं त्यांच्या शेजारी होतात," असं फोनवरची मुलगी म्हणाली. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. पण इतक्या वर्षांनी कोणी मला ॲसिडकाका म्हटलं आणि माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

खरं सांगायचं तर मी बाईंना ओळखत नव्हतो. त्या कुठे राहायच्या ते मला माहीत नाही. संध्याकाळी कुठल्या थांब्यावर उभ्या राहायच्या तेवढं माहीत आहे. घरी आई होती आणि ती आजारी असायची, हे कळलं ते रजेच्या अर्जांवरून. लग्न झालं होतं का, हे पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. ते राहिलं, आणि मग सहा वर्षांनी कोणी असं विचारत नाही. त्यांना शिंक आली की लागोपाठ तीन यायच्या. चहात साखर घालायच्या आणि ढवळायला विसरायच्या. मग शेवटचा घोट घेताना स्वतःवरच चिडायच्या. एवढ्यावर किती पानं होणार? शिवाय मला लिहायची सवय नाही. मी प्रयोगशाळेचा मदतनीस होतो. जन्मभर बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

एक गोष्ट मात्र मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती माझ्या हातून झाली. तीच लिहितो.

बाई शाळेत समुपदेशक म्हणून आल्या तेव्हा त्यांना द्यायला खोली नव्हती. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत मधोमध फळी मारून घेतली. अर्ध्यात माझ्या बाटल्या, अर्ध्यात बाई. खोलीला एकच सरकती खिडकी होती आणि फळी बरोबर तिच्या मध्यावर आली होती. त्यामुळे बाईंनी त्यांच्या बाजूने खिडकी उघडली की काच सरकून माझ्या बाजूला यायची आणि मी बंद व्हायचो. पहिल्याच दिवशी फळीपलीकडून आवाज आला.

"काका, तुम्ही श्वास कधी घेता?"

"म्हणजे?"

"वेळ ठरवून घेऊ. दुपारपर्यंत मी, नंतर तुम्ही."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की काच आपोआप त्यांच्याकडे सरकायची. सहा वर्षांत एकदाही त्या विसरल्या नाहीत.

मुलं त्यांना 'पुढेकायबाई' म्हणायची. त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येक मुलाला घरी, गल्लीत, नातेवाइकांत सगळे जण एकच प्रश्न विचारून आलेले असायचे: दहावी झाली, पुढे काय? गंमत म्हणजे बाई तो प्रश्न कधीच विचारायच्या नाहीत. त्या एक कोरा कागद द्यायच्या आणि सांगायच्या, गेल्या रविवारी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलंस ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

एकाने लिहिलं होतं: झोपलो, जेवलो, झोपलो.

"मधे उठलास कशाला?" बाईंनी विचारलं.

"जेवायला."

"कोणी वाढलं?"

"मीच घेतलं. आई कामावर असते. मग आजीलाही दिलं, तिला दिसत नाही. ताटात कुठे काय आहे ते सांगावं लागतं. घड्याळासारखं. बाराच्या जागी भात, तीनच्या जागी भाजी."

"आणि हे तू कागदावर लिहिलं नाहीस."

"ते काय लिहायचं?"

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "नवा कागद घे."

अशी बोलणी मला ऐकू यायची. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण प्लायवूड ते प्लायवूडच. कोणी रडायला लागलं किंवा घरचं काही निघालं, की मी माझ्या कोपऱ्यातला नळ सोडायचो. बादली भरेपर्यंत पाण्याच्या आवाजात शब्द बुडायचे. महिन्याकाठी माझ्या बाटल्या जितक्या धुतल्या जात तितक्या त्या कधी मळल्या नव्हत्या.

आता अर्जाचं सांगतो. दहावीच्या परीक्षेआधी प्रत्येक मुलाकडून पुढच्या वर्गांच्या विषयगटाचा अर्ज भरून घ्यावा लागे. चार गट होते. पहिला विज्ञानाचा, दुसरा वाणिज्याचा, तिसरा भाषा आणि समाजशास्त्राचा आणि चौथा तंत्राचा. चौथ्यात आराखडे काढणं, जमिनीची मोजणी असले विषय होते आणि जागा फक्त तीस. वर पालकांची सही. हे अर्ज शिक्षण कार्यालयात गेले की मुलाचा गट ठरला.

बाई हे अर्ज पेन्सिलीने भरून घ्यायच्या. सही शाईने, गट पेन्सिलीने. अर्ज आल्याच्या पहिल्याच दिवशी भरायचा, मग तो त्यांच्या खणात महिना-दीड महिना पडून राहायचा, आणि तेवढ्यात मुलं, आईबाप, बाई यांची जी काही झटापट व्हायची ती व्हायची. मत बदललं तर मुलाने स्वतःच्या हाताने खोडायचं, आणि तेही पालक समोर बसलेले असताना. बाई स्वतः कोणाच्याही अर्जाला खोडरबर लावत नसत. मुलं खोडरबर पळवायची म्हणून त्यांनी तो सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून ठेवला होता. शेवटच्या दिवशी सगळे जण येऊन पेन्सिलीवर शाई फिरवायचे.

हेडक्लार्कला हे मुळीच खपत नसे. "बाई, हा सरकारी अर्ज आहे की चित्रकलेची वही?"

"चित्रकलाच आहे. चेहरा काढायचाय पोरांचा. पहिल्या फटक्यात जमतो का तुम्हाला?"

"आम्ही आपले फटक्यात जन्मलो आणि फटक्यात कारकून झालो."

"दिसतंच आहे."

असं त्यांचं चालायचं. दोघांना एकमेकांचा राग नव्हता, निदान तोवर नव्हता.

त्या वर्षी एक मुलगी होती. उंच, काटकुळी, वर्गात तिला फूटपट्टी म्हणत. तिच्या रविवारच्या कागदावर एकच गोष्ट होती: ती मामाबरोबर कामावर गेली. मामा फरशी बसवायचा. ती मोजमापाच्या फितीचं दुसरं टोक धरायची. त्या रविवारी तिने मामाला सांगितलं होतं की या खोलीचा कोपरा काटकोनात नाही, भिंतीपासून सुरुवात केलीस तर दाराशी फरशी तिरकी जाईल. मामाने ऐकलं नाही. चार रांगा लावल्या आणि उपटल्या.

"मग काय म्हणाला मामा?"

"म्हणाला, तुझ्या आईसारखीच आहेस, नंतर खरी ठरतेस."

बाई त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना तीन शिंका आल्या.

मुलीला चौथा गट हवा होता. वडिलांनी दुसरा लिहून सही केली होती. ते टेम्पो चालवायचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नळ सोडला नाही. भांडण ऐकायला मलाही आवडतं.

"बाई, मी दिवसभर उन्हात गाडी हाकतो. माझ्या पोरीने पंख्याखाली बसायचं. विषय संपला."

"पंख्याखाली कोण कोण बसतं?"

"बँकवाले बसतात. हापिसवाले बसतात. तुम्ही बसलाय."

"माझा पंखा वर्षभर बंद आहे. ही बघा, बटण दाबते."

"ते तुमच्या शाळेचं झालं."

"बरं. ही मुलगी घरी एका जागी किती वेळ बसते?"

मुलगीच म्हणाली, "जेवताना."

दुसऱ्या खेपेला ते जरा नरम होते, पण मेहुण्याचं नाव काढताच पुन्हा भडकले. "त्याच्या नादानेच चाललंय हे. मेहुण्याचं ऐकायचं म्हणजे माझ्या घरात मी कोण?"

"मेहुण्याचं नका ऐकू," बाई म्हणाल्या. "त्याने उपटलेली फरशी बघून या. तीच बोलेल."

ते खरंच बघून आले असावेत. कारण तिसऱ्या खेपेला, एका गुरुवारी, ते आले तेव्हा आवाज चढला नाही. उलट इतका खाली आला की मला वाटलं, काही घरचं निघालं. मी नळ सोडला. बादली भरली, दुसरी लावली. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. नंतर कळलं ते असं: वडील म्हणाले होते, सोमवारी गाडीचा फेरा सोडून येतो, पोरीने माझ्यासमोर खोडावं आणि चौथा लिहावा. तोवर अर्ज असाच राहू दे. आणि बाई म्हणाल्या होत्या, "सोमवारपर्यंत कोणी हात लावणार नाही."

ते शेवटचं वाक्य मला ऐकू आलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

शनिवारी बाई रजेवर होत्या. आईला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांच्या खणाची किल्ली अशा वेळी माझ्याकडे असायची. साडेदहाच्या सुमारास हेडक्लार्क आला, घामाघूम.

"किल्ली काढा. अर्ज आजच मागवलेत. साडेबाराला गाडी जाते."

"मंगळवारची होती ना तारीख?"

"होती. आता आज आहे. वरून फोन आला. आणि पेन्सिलीचे अर्ज ते घेत नाहीत, अख्खा गठ्ठा परत पाठवतात. मग एकशे अठरा पोरं लटकली. तुमचं अक्षर चांगलं आहे. बसा."

मी बाईंना फोन केला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा केला नाही. मला फोनवर बोलायचा संकोच वाटतो. पहिला उचलला गेला नाही की सुटल्यासारखं होतं. हे कारण नव्हे, पण झालं ते असं.

मी टेबल पुसलं, निळ्या शाईचं पेन घेतलं आणि एकशे अठरा अर्जांवर शाई फिरवली. पेन्सिलीच्या रेषेबाहेर कुठे जाऊ दिली नाही. शाई वाळली की एकेका अर्जावरून खोडरबर हलकेच फिरवून खालची पेन्सिल काढली, म्हणजे कार्यालयात कोणी बोट ठेवायला नको. सुतळी आखूड पडत होती म्हणून मी जमिनीवर बसून खोडत होतो. बारा वीसला गठ्ठा बांधून दिला. हेडक्लार्क म्हणाला, "छापल्यासारखं." त्या दिवशी मी घरी खुशीत गेलो. बायकोला सांगितलंसुद्धा, की आज बाईंचं मोठं काम वाचवलं.

सोमवारी मी आलो तेव्हा बाईंच्या दारात टेम्पोवाले उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बाजूला फूटपट्टी. बाई हात पुढे करून म्हणाल्या, "काका, किल्ली."

"खण रिकामा आहे," मी म्हणालो. "अर्ज शनिवारीच गेले. सगळे शाईने भरून दिले." मी हे ऐटीत म्हणालो, हे मला आठवतं.

"सगळे?"

"एकशे अठरा."

बाईंनी मुलीकडे पाहिलं नाही. वडिलांकडे पाहिलं.

"म्हणजे काय?" वडील म्हणाले. "तुम्ही म्हणालात, कोणी हात लावणार नाही. मी भरलेली गाडी तिकडे उभी करून आलोय."

"मी बघते."

"काय बघता? शाईवर काय बघायचं असतं?"

मुलगी टेबलाच्या पायाशी वाकून सुतळी बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती. ते दोघं गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयारही होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं," आणि मोठ्या सरांकडे गेल्या.

मोठे सर म्हणाले, एकीचा बदलला की उद्या चाळीस जण दारात. बाई म्हणाल्या, हा बदल नाही, चूक आहे. सर म्हणाले, चूक म्हटलं तर शाळेची चूक होते, बदल म्हटलं तर शाळेचा संबंध नाही. तेव्हा बदलच म्हणा, आणि बदल होत नाही. हे मी बाईंच्याच तोंडून ऐकलं. त्या फळीपलीकडे येरझारा घालत, सरांची नक्कल करत होत्या. ऐकायला कोणी नव्हतं.

मग कार्यालय. तिथे एक खिडकी होती, अर्ज दुरुस्तीची. पहिल्या दिवशी खिडकीवर माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी माणूस होता, पण त्याने सांगितलं की दुरुस्ती पुढच्या सोमवारी सुरू होईल. त्या सोमवारी दुसराच माणूस होता. तो म्हणाला, दुरुस्ती दहा दिवस चालेल, पण फक्त लिहिणाऱ्याच्या चुकीची. मन बदललं असेल तर नाही. बाई म्हणाल्या, लिहिणाऱ्याचीच चूक आहे. तो म्हणाला, मग ज्याने लिहिलं त्याचं लेखी आणा.

बाई परत आल्या तेव्हा माझ्या बाजूला आल्या. सहा वर्षांत तीन-चार वेळाच त्या फळी ओलांडून आल्या असतील.

"काका, चार ओळी लिहून हव्यात. अर्जावरचं अक्षर माझं आहे, विद्यार्थिनीने किंवा पालकांनी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. खाली सही."

"देतो की."

"आज?"

"उद्या सकाळी. नीट लिहून देतो."

आणि मला खरंच द्यायचं होतं. पण दुपारी हेडक्लार्कने मला जिन्याखाली बोलावलं.

"लिहून देणार आहात म्हणे?"

"हो."

"प्रयोगशाळेच्या माणसाने सरकारी अर्जावर शाई फिरवली, हे स्वतःच्या हाताने लिहून देणार? चौकशी लागली तर? निवृत्तीला किती महिने उरले तुमचे?"

"आठ. पण तुम्हीच तर सांगितलंत मला."

"मी तोंडी सांगितलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा माझ्याइतकाच घाबरलेला होता, म्हणून मला त्याचा पुरता रागही धरता आला नाही.

दुसऱ्या सकाळी मी बाईंना म्हणालो, कच्चं लिहिलंय, पक्कं करतो. तिसऱ्या दिवशी रजा टाकली. चौथ्या दिवशी कागद खिशात होता, बाई दोनदा फळीपलीकडून "काका?" म्हणाल्या आणि दोन्ही वेळा मी नळ सोडला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. रोज मी एक शब्द बदलायचो. 'चुकून' लिहायचो, मग वाटायचं की आपण चुकलो हे कबूल होतंय. 'अनवधानाने' लिहायचो, मग वाटायचं की हे जास्तच मोठं दिसतंय.

बायकोने शेवटी विचारलं, "किती ओळींचं आहे ते?"

"चार."

"चार ओळींना चार दिवस? आमच्या वडिलांचं मृत्युपत्र अर्ध्या तासात झालं होतं."

"चौकशी लागली तर?"

"लागली तर सांगा, हो, केलं मी. त्यापलीकडे तुम्हाला येतंय काय? खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

पाचव्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आत मी कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, घडी घातली आणि पर्स उचलून तशाच बस पकडायला गेल्या. पंखा तसाही चालत नव्हता, पण दिवा चालूच राहिला. मी जाऊन बंद केला.

दीड वाजता त्या परत आल्या. कागद कार्यालयाने घेतला होता. दुरुस्तीची मुदत अजून उरली होती. फक्त चौथ्या गटाच्या तीस जागांची यादी आदल्या संध्याकाळी लागली होती. दुरुस्ती होईल, खिडकीवरचा माणूस म्हणाला, पण जागा नाही. आणि जागा नसलेल्या गटात दुरुस्ती करता येत नाही.

आदल्या संध्याकाळी. म्हणजे कागद माझ्या खिशात असताना.

त्या दिवशी बाई ओरडल्या. एकदाच. फळी मधे होती, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि त्यांनाही माझं नाही. बहुतेक म्हणूनच त्या बोलू शकल्या.

"सहा वर्षं मी पोरांना इथे बसवून सांगते, घाबरू नका, बापाला सांगा, आईला सांगा, मनातलं बोला. आणि इथे मोठी माणसं एकमेकांना घाबरून बसलीत! हेडक्लार्क सरांना, सर खिडकीला, खिडकी वरच्या कोणाला तरी, आणि काका, तुम्ही सगळ्यांना! त्या पोरीचा बाप तेवढा घाबरला नाही हो. तीन खेपांत त्याने स्वतःचं म्हणणं मोडलं. आपल्याला चार ओळी लिहवल्या नाहीत!"

मी "हो" म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

थोड्या वेळाने पलीकडून पेन्सिलीला टोक काढायचा आवाज येऊ लागला. एक झाली, दुसरी झाली. घंटा झाल्यावर मी पाहिलं तर टेबलावर सालींचा ढीग आणि करंगळीएवढ्या उरलेल्या सात-आठ पेन्सिली. घंटेबरोबर काच मात्र त्यांच्याकडे सरकलेली होती. माझी बाजू उघडी होती.

चौकशी लागली नाही, हेही लिहायला हवं. आठ महिन्यांत मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या चार ओळी कुठल्या फायलीत गेल्या, कोणी वाचल्या का, देव जाणे. ज्याला भिऊन मी पाच दिवस काढले तसं काही नव्हतंच.

फूटपट्टी दुसऱ्या गटात बसली. वरचे वर्ग आमच्याच इमारतीत भरायचे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत ती कधी कधी बाईंच्या खोलीत यायची. वडील पुन्हा आले नाहीत. मुलगी एकदा म्हणाली, बाबा म्हणतात, ठीकच झालं, पंखा तरी मिळेल. बाई ते ऐकून पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. मुलीने विचारलं, "बाई, मी नापास झाले तर गट बदलून मिळेल?" तेव्हा मात्र त्या कडाडल्या, "असला शॉर्टकट काढलास तर मामाची फीत घेऊन मारीन." आणि लगेच कुठला तरी नियमांचा कागद काढून तिच्यापुढे वाचायला लागल्या. त्या कागदात होतं, की वर्ष संपल्यावर चौथ्या गटात कोणी गळालं आणि जागा रिकामी झाली, तर दुसऱ्या गटातल्या मुलाला घेता येतं; पण त्याने ते वर्ष पहिल्यापासून करायचं.

तेवढ्या एका वाक्यासाठी बाई वर्षभर त्या खिडकीवर जात राहिल्या. कधी नमुना बदललेला, कधी शिक्का दुसऱ्या मजल्यावर, कधी सही करणारा प्रशिक्षणाला. हेडक्लार्कनेही नंतर दोन-तीन पत्रं गुपचूप टाइप करून दिली. सरांच्या सहीसाठी तोच उभा राहिला. मी पाकिटांवर पत्ते लिहिले. बाई म्हणाल्या नव्हत्या, मीच मागून घेतलं.

शेवटी जागा मिळाली. मुलीचं एक वर्ष गेलं आणि ती एका वर्षाने लहान मुलांबरोबर चौथ्या गटात बसली. हे मला निवृत्तीनंतर हेडक्लार्कने बाजारात भेटल्यावर सांगितलं. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. बाईंना माहीत असणार. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या शाळेतलं समुपदेशकाचं पद कमी केलं, बाईंना दुसरीकडे पाठवलं, फळी काढली. मी त्यांना कधी पत्र लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं. गेल्या महिन्यात त्या गेल्याचं कळलं, तेही याच पुस्तकाच्या फोनवरून.

माझी त्यांची शेवटची भेट माझ्या निवृत्तीच्या दिवशी झाली. तेव्हा जागेचं काहीच ठरलं नव्हतं. दुपारी शिक्षकांच्या खोलीत छोटा कार्यक्रम झाला. बाई त्याला नव्हत्या, कार्यालयात गेल्या होत्या. माझं सामान एका खोक्यात मावलं. ते घेऊन मी जिना उतरत होतो आणि त्या खालून फाईल काखेत धरून वर येत होत्या. चेहऱ्यावरून कळत होतं, आजही काम झालं नव्हतं.

"निघालात, काका?"

"हो. काय झालं तिथे?"

"उद्या या म्हणाला. नवा माणूस आलाय खिडकीवर."

"मी येऊ का उद्या? आता मोकळाच आहे."

"येऊन काय करणार?"

"रांगेत उभा राहीन. तुम्हाला तेवढं बसता येईल."

त्यांनी जरा विचार केला. "नको. आधी आईला दवाखान्यात न्यायचंय, तिथून कधी सुटेन याचा नेम नाही. तुम्ही उगाच ताटकळाल."

"बरं."

"जिना आत्ताच पुसलाय. जपून उतरा."

"हो, हो. उतरतो."